पोपशिवाय कुणाचंही न ऐकणारे शिपाई

साधारण ११५५ सालची गोष्ट. येशूला जिथं क्रुसावर चढवलं आणि जिथं पुरलं असं मानतात, त्या जागेवर जेरुसलेममधलं सगळ्यात पवित्र चर्च उभं आहे. तिथले सर्वोच्च धर्मगुरू, पॅट्रिआर्क फूशे, लोकांसमोर बोलायला उभे राहिले की समोरच्या इमारतीतून घंटा सुरू व्हायच्या. दोन-चार टोले पडून थांबल्या तर ठीक, पण म्हाताऱ्याचा आवाज पार बुडेपर्यंत घणघणाट चालायचा. तक्रार केली तर घंटा थांबल्या नाहीतच, उलट एकदा समोरून बाण सुटले आणि थेट चर्चच्या आत येऊन पडले. लोकांनी ते गोळा केले, त्यांची मोळी बांधली आणि क्रुसाच्या जागेसमोर दोरीला टांगून ठेवली. टायर या शहराचा आर्चबिशप आणि त्या काळाचा इतिहासकार विल्यम याने ती मोळी आपण स्वतः पाहिल्याचं लिहून ठेवलंय.

समोर राहणारे कुणी शत्रू नव्हते. तेही ख्रिस्तीच, तेही व्रतस्थ. त्यांना हॉस्पिटलर म्हणत. यात्रेकरूंची शुश्रूषा करणारा हा संघ एव्हाना हत्यारबंद झाला होता. गावातल्या सगळ्यात मोठ्या धर्मगुरूच्या तोंडावर घंटा बडवण्याची हिंमत त्यांच्यात कुठून आली? सरळ कारण आहे: तो धर्मगुरू त्यांचा साहेबच नव्हता. त्यांचा साहेब हजाराहून जास्त मैलांवर, इटलीत बसला होता.

फूशे तेव्हा जवळजवळ शंभरीला टेकले होते असं विल्यम सांगतो. त्या वयात ते समुद्र ओलांडून पोप एड्रियन चौथे यांच्याकडे फिर्याद घेऊन गेले आणि हात हलवत परत आले. विल्यमच्या मते कार्डिनलांनी, म्हणजे पोपच्या सल्लागार धर्मगुरूंनी, समोरच्या पक्षाकडून भेटी घेतल्या होत्या. विल्यम स्वतः आर्चबिशप, त्याला या संघांचा राग, त्यामुळे त्याच्या सांगण्यात थोडी फोडणी असणारच. पण मूळ भांडण खरं होतं, आणि मध्ययुगातले हे लष्करी संघ समजून घ्यायचे तर घोडे, तलवारी, गुप्त खजिने बाजूला ठेवून या भांडणापासूनच सुरुवात करावी. हे लोक नेमके कुणाच्या हाताखाली होते, एवढं कळलं की पुढचं बरंच उलगडतं.

संन्यासी आणि तलवार

१०९५ साली पोप अर्बन दुसरे यांनी फ्रान्समध्ये क्लेरमाँ इथे धर्मयुद्धाची हाक दिली. १५ जुलै १०९९ रोजी युरोपातून आलेल्या फौजांनी जेरुसलेम जिंकलं, मोठी कत्तल केली आणि त्यातले बहुतेक जण नवस फेडल्यासारखे घरी निघून गेले. मागे उरलं एक चिमुकलं राज्य आणि किनाऱ्यापासून जेरुसलेमपर्यंतच्या वाटा. त्या वाटांवर यात्रेकरू लुटले जात, मारले जात.

१११९-२० च्या सुमारास ह्यूग द पायाँ नावाच्या एका फ्रेंच सरदाराने काही सोबत्यांना घेऊन शपथ घेतली: संन्याशासारखं राहायचं आणि यात्रेकरूंचं रक्षण करायचं. राजा बाल्डविन दुसरा याने त्यांना अल-अक्सा मशिदीच्या आवारात जागा दिली. तिथेच राजा शलमोनाचं मंदिर होतं अशी समजूत होती, म्हणून ते झाले मंदिराचे शिपाई, म्हणजे टेम्पलर.

आता इथे एक अडचण होती आणि ती आज वाटते त्याहून फार मोठी होती. चर्चच्या कायद्याप्रमाणे पाद्र्याने रक्त सांडायचं नाही. मठात राहणाऱ्याने तर शस्त्राला हातही लावायचा नाही. समाजाचे ठरलेले भाग होते: काही जण प्रार्थना करतात, काही लढतात, बाकीचे राबतात. लढणारा माणूस पापात बुडालेलाच असणार, म्हातारपणी तलवार खाली ठेवून मठात गेला तर सुटला, असं मानलं जायचं. आणि हे लोक म्हणत होते की आम्ही मठातही राहणार आणि तलवारही चालवणार.

वाट काढली ती अशी. टेम्पलर शिपाई हे पाद्री नव्हतेच. गरिबी, ब्रह्मचर्य आणि आज्ञापालन ही तिन्ही व्रतं ते घेत, पण त्यांना दीक्षा दिलेली नसे. मिस्सा, म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना, म्हणायचा किंवा लोकांच्या पापांची कबुली ऐकायचा अधिकार त्यांना नसे. ती कामं संघातल्या वेगळ्या पाद्र्यांची, आणि त्या पाद्र्यांनी शस्त्र धरायचं नाही. एकाच छपराखाली दोन प्रकारची माणसं, म्हणजे कायदाही मोडला नाही आणि कामही झालं. वकिली बुद्धीचा हा नमुना मला नेहमीच गमतीचा वाटतो.

धार्मिक समर्थन दिलं ते क्लेरव्होच्या मठाचे प्रमुख बर्नार्ड यांनी. त्या काळी युरोपात त्यांच्या शब्दाला फार वजन होतं. त्यांचा युक्तिवाद असा की ख्रिस्ताचा शिपाई दुष्टाला मारतो तेव्हा तो माणसाचा खून नसतो, दुष्टाईचा वध असतो. त्यासाठी लॅटिनमध्ये त्यांनी एक नवा शब्दही घडवला. हा युक्तिवाद पुढे कुठे कुठे वापरला गेला ते आठवलं की अंगावर काटा येतो, पण बर्नार्ड यांना तो मनापासून पटला होता असंच दिसतं.

जानेवारी ११२९ मध्ये फ्रान्समधल्या त्र्वा इथे धर्मसभा भरली आणि टेम्पलरांना लेखी नियमावली मिळाली. ती वाचली की ही माणसं डोळ्यांसमोर उभी राहतात. मांस आठवड्यातून तीनदाच. जेवताना मौन. दोघांनी मिळून एका भांड्यात जेवायचं, म्हणजे एकमेकांवर लक्षही राहतं. झोपायच्या खोलीत रात्रभर दिवा तेवत ठेवायचा. टोकदार जोडे आणि नाड्या बंद, कारण ती छानछोकी. शिकार बंद, फक्त सिंहाची सोडून. कुठल्याही बाईचं चुंबन घ्यायचं नाही, मग ती आई असो, बहीण असो की मावशी-आत्या. घरून पत्र आलं तर ते प्रमुखाच्या परवानगीशिवाय घ्यायचं नाही. बऱ्याच जणांना लॅटिन येत नसे, म्हणून दिवसाच्या नेमलेल्या प्रार्थनांना हजर राहता आलं नाही तर त्याऐवजी ‘हे आमच्या पित्या’ ठरावीक वेळा म्हणायची: पहाटेच्या प्रार्थनेसाठी तेरा वेळा, संध्याकाळच्या प्रार्थनेसाठी नऊ वेळा, इतर प्रहरांना सात वेळा. मठाची शिस्त होती खरी, पण घोड्यावर बसून पाळता येईल अशी करून घेतलेली.

११३९ ची सनद

नियमावलीने त्यांना संघ बनवलं. ताकद दिली ती मात्र एका कागदाने. २९ मार्च ११३९ रोजी पोप इनोसंट दुसरे यांनी टेम्पलरांना एक आदेशपत्र दिलं. आपल्याकडे ज्याला सनद म्हणतात तसलाच हा प्रकार. पोपच्या अशा पत्रांना त्यांच्या पहिल्या शब्दांवरून नाव पडतं. याचं नाव ‘ओम्ने दातुम ऑप्टिमुम’, म्हणजे ‘प्रत्येक उत्तम दान’.

त्या काळी कुठलंही चर्च, कुठलाही पाद्री आणि बहुतेक मठ आपल्या भागातल्या बिशपच्या अखत्यारीत असत. बिशप तपासणी करणार, दंड करणार, शेतीच्या उत्पन्नाचा दहावा हिस्सा, ज्याला दशमांश म्हणतात, तो वसूल करणार. या सनदेने टेम्पलरांना या सगळ्यातून बाहेर काढलं. दशमांश द्यायचा नाही. स्वतःचे पाद्री ठेवायचे, आणि ते पाद्री स्थानिक बिशपला जबाबदार नाहीत. स्वतःची प्रार्थनागृहं बांधायची. प्रमुख आपला आपण निवडायचा. कुणी त्यांच्याकडून निष्ठेची शपथ घ्यायची नाही. लढाईत मिळालेली लूट त्यांची. आणि या सगळ्याच्या वर एकच माणूस: पोप.

हॉस्पिटलरांची वाट थोडी वेगळी. त्यांची सुरुवात इस्पितळापासून झाली. १११३ सालीच पोप पास्कल दुसरे यांनी त्यांना आपल्या छत्राखाली घेतलं होतं. शस्त्रं नंतर आली आणि सवलती वाढत गेल्या. मूळ साचा तोच.

पोपला यातून काय मिळालं? त्या काळच्या पोपकडे सैन्य म्हणावं असं फारसं काही नव्हतं. रोममध्ये सुखाने राहता येईल याचीही खात्री नसे. ११३० पासून ११३८ पर्यंत तर एकाच वेळी दोन पोप होते, आणि सनद देणारे इनोसंट त्या भांडणातून नुकतेच बाहेर पडले होते. अशा माणसाला एक शिस्तबद्ध, कुठल्याच राजाशी न बांधलेली फौज मिळत होती, आणि तीही स्वतःचा खर्च स्वतः भागवणारी.

खर्च कसा भागायचा ते नीट बघायला हवं, कारण घंटांचं भांडण त्यातूनच आलं. लढाई पॅलेस्टाइनमध्ये, पण पैसा युरोपातला. एका नाइटला, म्हणजे घोडेस्वार शिपायाला, नियमाप्रमाणे तीन घोडे आणि एक मदतनीस लागे. त्यासाठी इंग्लंडपासून पोर्तुगालपर्यंत लोकांनी जमिनी, गिरण्या, द्राक्षमळे, गावंच्या गावं दान दिली. ११४४ मध्ये पोप सेलेस्टीन दुसरे यांनी टेम्पलरांना आणखी एक सवलत दिली. एखाद्या भागातल्या लोकांना शिक्षा म्हणून चर्च तिथले धर्मविधी बंद करू शकत असे. दारं बंद, घंटा बंद, चर्चच्या भूमीत मूठमातीही नाही. अशा ठिकाणीसुद्धा टेम्पलर दान गोळा करायला आले की वर्षातून एकदा चर्च उघडायचं, अशी मुभा मिळाली.

आता त्या गावच्या बिशपच्या जागी बसून बघा. त्याने कुणा मुजोर जमीनदाराला वठणीवर आणायला गावाची दारं बंद केली. महिनाभरात लोक टेकीला आले असते. तेवढ्यात पांढऱ्या झग्यातले दोन घोडेस्वार येतात, दारं उघडतात, गावभर गर्दी होते, आणि वर्षाचं दान त्यांच्या थैलीत जातं. शिक्षेची धार गेली आणि उत्पन्नही गेलं. ११७९ साली रोममध्ये भरलेल्या मोठ्या धर्मसभेत बिशपांनी याविरुद्ध एवढा गहजब केला की टेम्पलर आणि हॉस्पिटलरांची नावं घेऊन नियम करावा लागला: वर्षातून एकदाच म्हणजे एकदाच, आणि बहिष्कृतांचं दफन करायचं नाही. विल्यम त्या सभेला हजर होता. १२०७ मध्ये खुद्द पोप इनोसंट तिसरे यांनी टेम्पलरांना खरमरीत पत्र लिहिलं. वर्षाला दोन-तीन नाणी भरून कुणीही तुमचा सहयोगी सदस्य होतो आणि मग बहिष्कृत असला तरी त्याला धर्मविधीने दफन नाकारता येत नाही असं तुम्ही म्हणता, हा काय प्रकार आहे, असा त्यातला एक मुद्दा होता. पत्र कडक होतं. सनद मात्र काढून घेतली नाही.

राजा बहिष्कृत असेल तर?

राजांशी त्यांचं काय व्हायचं, याचं सगळ्यात बोलकं उदाहरण १२२८ मधलं. जर्मन सम्राट फ्रेडरिक दुसरा धर्मयुद्धाला निघायला टाळाटाळ करत होता म्हणून पोप ग्रेगरी नववे यांनी त्याला बहिष्कृत केलं. मग तो निघाला, पण बहिष्कृत अवस्थेतच. आता पोपचे शिपाई पोपने वाळीत टाकलेल्या सेनापतीच्या हाताखाली कसे चालणार? आणि शत्रूच्या मुलखात त्याला एकटं तरी कसं सोडणार? टेम्पलर आणि हॉस्पिटलरांनी काढलेला तोडगा ऐकण्यासारखा आहे. फौज किनाऱ्याने निघाली आणि हे तिच्या मागून एक दिवसाचं अंतर ठेवून चालू लागले. पुढे ते अंतर धोक्याचं वाटू लागलं तेव्हा असं ठरलं की हुकूम सम्राटाच्या नावाने सोडायचे नाहीत, देवाच्या आणि ख्रिस्ती जगताच्या नावाने सोडायचे. हुकूम देणारा तोच, फक्त नाव वेगळं.

याच वेळी तिसरा एक संघ, ट्यूटॉनिक नाइट, उघडपणे फ्रेडरिकच्या बाजूने उभा राहिला. हा जर्मनांचा संघ ११९० मध्ये अक्को बंदराबाहेर इस्पितळ म्हणून सुरू झाला आणि ११९८ मध्ये लष्करी झाला. त्यांचा प्रमुख हर्मान फॉन झाल्झा दोन्ही दरबारांत वजन राखून होता. बाल्टिक किनाऱ्यावरच्या प्रशियासाठी त्याने सम्राटाकडून १२२६ ची तारीख असलेला कागद घेतला, आणि १२३४ मध्ये पोपकडूनही कागद आणला, ज्यात प्रशिया ही संत पीटरची मालमत्ता असून ती संघाला कायमची बहाल केल्याचं म्हटलं आहे. तिथल्या मूळ प्रशियन लोकांना अर्थातच कुणी विचारलं नव्हतं. एका धन्याने हात काढला तर दुसरा असावा, हे हर्मानला कळलं होतं. टेम्पलरांकडे दुसरा कागद नव्हता.

शुक्रवार, १३ ऑक्टोबर १३०७

१२९१ मध्ये अक्को पडलं आणि पॅलेस्टाइनमधलं ख्रिस्ती राज्य संपलं. टेम्पलर सायप्रसला गेले. जमिनी, वाडे, तिजोऱ्या सगळं शाबूत, पण ज्या कामासाठी हे दिलं होतं ते कामच उरलं नाही.

फ्रान्सचा राजा फिलिप चौथा कायम पैशाच्या ओढाताणीत असे. १३०६ मध्ये त्याने ज्यूंना देशाबाहेर घालवून त्यांची मालमत्ता जप्त केली होती. पोप बोनिफेस आठवे यांच्याशी त्याचं भांडण एवढं टोकाला गेलं की १३०३ मध्ये त्याच्या माणसांनी अनान्यी गावात शिरून पोपना धरलं. महिनाभराने ते वारले. १३०५ मध्ये निवडून आलेले क्लेमेंट पाचवे फ्रेंच होते, प्रकृतीने खंगलेले, आणि पोप असताना ते रोमला एकदाही गेले नाहीत. टेम्पलरांच्या डोक्यावरचं एकमेव छत्र या माणसाच्या हातात होतं.

टेम्पलरांचा प्रमुख जाक द मोले पॅरिसमध्ये होता. १२ ऑक्टोबरला राजघराण्यातल्या एका स्त्रीच्या अंत्यविधीत तो खांदेकऱ्यांमध्ये होता. दुसऱ्या दिवशी पहाटे फ्रान्सभर एकाच वेळी धरपकड झाली. हुकूम महिनाभर आधी, १४ सप्टेंबरलाच, मोहोरबंद होऊन गेले होते.

पण राजाला हा अधिकारच नव्हता ना? सनदेप्रमाणे नव्हताच. फिलिपच्या वकिलांनी मात्र एक फट शोधली. पाखंडाच्या, म्हणजे धर्मद्रोहाच्या, आरोपाला कुठलीही सवलत लागू नव्हती. अशा तपासासाठी पोपनेच नेमलेले अधिकारी असत आणि त्यांनी मागितली तर राजाने मदत द्यायची असा दंडक होता. फ्रान्समधला तो अधिकारी, पॅरिसचा गियोम, राजाचा खासगी धर्मगुरूही होता. त्याने मदत मागितली आणि राजाने ती दिली. पोपच्या माणसांना पोपच्याच यंत्रणेने पकडलं, आणि पोपना ते नंतर कळलं.

आरोप असे: प्रवेशाच्या गुप्त विधीत ख्रिस्ताला नाकारणं, क्रुसावर थुंकणं, अश्लील चुंबनं, कुठल्याशा मुंडक्याची पूजा. पॅरिसमध्ये तपासलेल्या १३८ जणांपैकी १३४ जणांनी काही ना काही कबूल केलं. ते कसं कबूल करवलं हे पोंसार द जिझी या टेम्पलरने पुढे चौकशी आयोगासमोर सांगितलं. हात पाठीमागे इतके आवळून बांधले होते की नखांपर्यंत रक्त आलं, आणि तशा अवस्थेत खड्ड्यात ठेवलं होतं. आणखी एकाने तर पाय भाजल्यावर गळून पडलेली हाडं आयोगाला दाखवायला आणली होती.

क्लेमेंट आधी संतापले, राजाला कडक पत्र लिहिलं. मग नोव्हेंबरमध्ये त्यांनीच सगळ्या ख्रिस्ती राजांना टेम्पलरांना अटक करण्याचा आदेश दिला. हे दुटप्पी वाटतं, आणि आहेही. पण त्यामागे प्रकरण राजाच्या हातून काढून आपल्याकडे घ्यायचा हिशोबही होता. १३०८ मध्ये त्यांनी फ्रान्समधल्या तपास अधिकाऱ्यांचे अधिकार गोठवले आणि ऑगस्टमध्ये तीन कार्डिनल शिनॉनच्या किल्ल्यात पाठवले. तिथे मोले आणि इतर प्रमुखांना पश्चात्तापानंतर पापमुक्ती देण्यात आली. या भेटीचं चर्मपत्र व्हॅटिकनच्या दप्तरात २००१ मध्ये एका संशोधिकेच्या हाती लागलं. म्हणजे पोप त्यांना पाखंडी ठरवून टाकून द्यायला तयार नव्हते. वाचवण्याइतकं बळ मात्र त्यांच्यात नव्हतं.

पुढे काम दोन भागांत वाटलं. संपूर्ण संघाची चौकशी पोपचा आयोग करणार, एकेका माणसाचा निकाल स्थानिक बिशप लावणार. दीडशेहून जास्त वर्षं ज्या बिशपांना या लोकांनी दाराशी उभं केलं नव्हतं, त्यांच्याच हातात आता त्यांचे जीव आले. १३१० च्या वसंतात पाचशेहून अधिक टेम्पलर संघाच्या बचावासाठी पुढे आले होते. आधीच्या कबुल्या मारून-मुटकून घेतल्या होत्या असं ते सांगू लागले. सांसच्या आर्चबिशपच्या हद्दीत पॅरिस येत असे. हा आर्चबिशप राजाच्या मंत्र्याचा भाऊ. त्याने ठरवलं की कबुली देऊन ती मागे घेणारा माणूस पुन्हा पाखंडात पडलेला आहे, आणि त्याची शिक्षा म्हणजे जाळणं. १२ मे १३१० रोजी ५४ टेम्पलरांना गाड्यांत घालून पॅरिसबाहेर नेलं आणि जिवंत जाळलं.

दुसऱ्या दिवशी आयोगासमोर पन्नाशीचा एक टेम्पलर उभा राहिला. सगळे आरोप खोटे आहेत, असं त्याने शपथेवर सांगितलं. त्या ५४ जणांना गाड्यांतून नेताना त्याने पाहिलं होतं. मग तो म्हणाला की मला जाळलं तर मी टिकणार नाही; काय वाटेल ते कबूल करीन; देवाला मीच मारलं का असं विचारलं तर त्यालाही हो म्हणेन. आयोगाने कामकाज थांबवलं. संघाच्या बाजूने बोलणारा प्रमुख वक्ता, बोलोन्याचा पिएर, काही दिवसांत कैदेतून बेपत्ता झाला. बचाव तिथेच मोडला.

व्हिएन शहरातल्या धर्मसभेत बहुतेकांचं मत टेम्पलरांना बाजू मांडू द्यावी असं होतं. तेवढ्यात राजा फौजफाटा घेऊन येऊन पोचला. २२ मार्च १३१२ रोजी क्लेमेंट यांनी संघ विसर्जित केला, आणि आदेशाची भाषा मोठी सांभाळून होती: हा न्यायालयीन निकाल नव्हे, पोपच्या अधिकारातली व्यवस्था आहे. दोषी ठरवलंच नाही, फक्त बंद केलं. ज्या लेखणीने ११३९ ला दिलं, त्याच लेखणीने परत घेतलं, आणि अपील करायला वर कुणी नव्हतं. मेमध्ये त्यांची मालमत्ता हॉस्पिटलरांना देण्यात आली. मार्च १३१४ मध्ये मोले आणि जोफ्र्वा द शार्ने यांनी कबुली मागे घेतली आणि त्याच संध्याकाळी त्यांना सेन नदीतल्या एका बेटावर जाळण्यात आलं. चितेवरून पोप आणि राजाला दिलेला शाप ही नंतर रचलेली गोष्ट. दोघेही त्याच वर्षी मेले हे खरं, आणि गोष्ट रचायला तेवढं पुरलं. तेरा तारखेच्या शुक्रवारची भीती या अटकेतून आली, हेही अलीकडचंच कुणीतरी लावलेलं शेपूट.

तोमारहून गोव्यापर्यंत

पोर्तुगालमध्ये मात्र वेगळंच घडलं. राजा दिनिशला टेम्पलरांच्या जमिनी हॉस्पिटलरांकडे जाऊ द्यायच्या नव्हत्या. त्याने पोप जॉन बाविसावे यांच्याशी घासाघीस केली आणि १३१९ मध्ये नवा संघ मंजूर करून घेतला: ऑर्डर ऑफ क्राइस्ट, ख्रिस्ताचा संघ. टेम्पलरांचीच मालमत्ता, त्यांची बरीच माणसं, पुढे तोमारमधला त्यांचाच किल्ला. पाटी बदलली, एवढंच. पण एक महत्त्वाचा फरक होता: हा संघ राजाच्या मुठीत होता. १४२० पासून त्याचा कारभार राजपुत्र हेन्री याच्याकडे होता, आफ्रिकेच्या किनाऱ्याने जहाजं पाठवणारा तोच हेन्री. पोर्तुगीज जहाजांच्या शिडांवरचा लाल क्रूस या संघाचा.

१४५६ साली पोप कॅलिक्स्टस तिसरे यांनी समुद्रापलीकडे जिंकलेल्या आणि पुढे जिंकल्या जातील त्या मुलखातला धर्माधिकार, पार ‘हिंदी लोकांपर्यंत’, या संघाला देऊन टाकला. तेव्हा वास्को द गामाचा जन्मही झाला नसावा. या कागदाचा परिणाम असा की अल्बुकर्कने नोव्हेंबर १५१० मध्ये गोवा घेतला तेव्हा तिथल्या ख्रिस्ती धर्मकारभाराचा अधिकार कागदोपत्री तोमारमधल्या संघाच्या धर्माधिकाऱ्याकडे होता. १५१४ मध्ये तो मडेइरा बेटावरच्या नव्या फुंशाल धर्मप्रांताकडे गेला, आणि १५३४ मध्ये गोव्याला स्वतःचा धर्मप्रांत मिळाला. १५५१ मध्ये पोप ज्युलियस तिसरे यांनी संघाचं प्रमुखपद पोर्तुगालच्या राजाला कायमचं जोडून दिलं.

इथून आला ‘पाद्रोआदो’, म्हणजे बिशप सुचवण्याचा आणि चर्चचा खर्च उचलण्याचा राजाचा हक्क. पुढे रोमला तो हक्क जड झाला आणि त्याने आपले स्वतंत्र धर्माधिकारी पाठवायला सुरुवात केली. मुंबईत तर एकाच शहरात काही चर्चं पोर्तुगीज पाद्रोआदोखाली आणि काही थेट रोमखाली, अशी दुहेरी सत्ता शतकाहून जास्त काळ चालली. मराठी बोलणाऱ्या ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबई परिसरातल्या जुन्या ख्रिस्ती, कुटुंबांनीही तो ताण सोसला. हा घोळ १९२८ च्या करारानंतर मिटला.

हॉस्पिटलर मात्र आजही आहेत. अक्कोनंतर सायप्रस, मग ऱ्होड्स. १५२२ मध्ये सुलतान सुलेमानने ऱ्होड्स घेतलं, १५३० मध्ये त्यांना माल्टा मिळालं, १७९८ मध्ये नेपोलियनने तेही काढून घेतलं. आता रोममध्ये त्यांचं मुख्यालय आहे, ऑर्डर ऑफ माल्टा या नावाने. शंभराहून अधिक देशांशी त्यांचे राजनैतिक संबंध आहेत, स्वतःचे पासपोर्ट आहेत, संयुक्त राष्ट्रांत निरीक्षकाचा दर्जा आहे. मुलूख नाही, पण सार्वभौम. काम पुन्हा सुरुवातीचंच: दवाखाने, रुग्णवाहिका, निर्वासितांची सोय.

पण साहेब कोण, हा प्रश्न त्यांच्याही मागे अजून आहे. संघातल्या एका अधिकाऱ्याला काढण्यावरून वाद झाला आणि जानेवारी २०१७ मध्ये पोप फ्रान्सिस यांच्या सांगण्यावरून संघप्रमुख मॅथ्यू फेस्टिंग यांनी राजीनामा दिला. सप्टेंबर २०२२ मध्ये पोपनी संघाचं कार्यकारी मंडळ बरखास्त केलं आणि नवी घटना लागू केली. प्रमुख खानदानी सरदार घराण्यातलाच हवा ही अट तिच्यात काढून टाकली आहे. मे २०२३ मध्ये कॅनडात जन्मलेले वकील जॉन डनलॅप नवे प्रमुख म्हणून निवडून आले. शपथ त्यांनी रोममध्ये, आव्हेंतिन टेकडीवरच्या संघाच्या चर्चमध्ये घेतली, पोपच्या विशेष प्रतिनिधीसमोर.